वीट मऊ असेल, पण उशाला कशाला?

दगडापेक्षा वीट मऊ ही म्हण सध्या सर्वांत जास्त कुठे चालत असेल, तर लहान मुलांच्या ‘एज्युकेशनल’ खेळण्यांच्या दुकानात. शब्द तेवढे बदलतात. ‘मोबाइलपेक्षा बरं ना, ताई!’ असं दुकानदार म्हणतो. वाढदिवसाला ते खोकं घेऊन आलेला मामा तेच म्हणतो, आणि आईबाबाही स्वतःची समजूत शेवटी त्याच वाक्याने घालतात. हातात मावेल असं, बोलणारं, गाणारं, अक्षरं आणि आकडे विचारणारं यंत्र घ्यायचं. पोर गुंतून राहील, वर चार गोष्टी शिकेल, आणि काही नाही तर निदान मोबाइलपासून लांब राहील. हा युक्तिवाद इतका सोयीचा आहे की त्याला उलट प्रश्न विचारावा असं कुणाला वाटत नाही. मला तो विचारायचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलशी तुलना केली की काहीही जिंकतं. चार वर्षांच्या मुलाच्या हातात दिलेल्या स्मार्टफोनपेक्षा पितळेची वाटीसुद्धा बरी. तुलना करायचीच तर त्या अर्ध्या तासात पोराने एरवी जे केलं असतं त्याच्याशी करा. त्याने स्वयंपाकघरातले डबे काढून एकात एक घातले असते. आजीच्या मागे ‘हे काय, ते काय’ करत भुणभुण लावली असती. कचऱ्याची गाडी आली म्हणून खिडकीला नाक लावून उभं राहिलं असतं, नाही तर नुसतंच कंटाळून जमिनीवर लोळलं असतं. शिकवणाऱ्या यंत्राने या सगळ्यावर मात केली पाहिजे. तसा दावा एकाही खोक्यावर नसतो. असतो तो फक्त ‘६० ॲक्टिव्हिटीज’चा. त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे तीच सव्वीस अक्षरं, कधी फुग्यावर, कधी माशावर आणि कधी आगगाडीच्या डब्यावर लिहिलेली.

युक्तिवादात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करून टाकतो. मुलांसाठी म्हणून फोनमध्ये घेतलेली ॲप्स बहुतांशी बाजारपेठा आहेत. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतची मुलं वापरत असलेली १३५ ॲप्स तपासली आणि २०१८मध्ये निष्कर्ष मांडले. ९५ टक्के ॲप्समध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. कुठे खेळ मध्येच थांबवून, कुठे खेळातल्या पात्राच्या तोंडून. काही विकत न घेता मूल बाहेर पडलं तर पात्राचं तोंड पडतं, ते रडूही लागतं. चार वर्षांच्या जिवावर असा भावनिक दबाव टाकणाऱ्यांना विक्रेते म्हणणंही सभ्यपणाचं होईल. त्या मानाने २००३मध्ये अमेरिकेत आलेलं लीपफ्रॉग कंपनीचं ‘लीपस्टर’ साधं होतं. त्यात कार्ट्रिज घालायचं, पेनाने पडद्यावर टोचायचं, एवढंच. इंटरनेट नाही, जाहिरात नाही, एका व्हिडिओतून आपोआप दुसऱ्यात घसरत जाणं नाही. बंदिस्त यंत्र उघड्या फोनपेक्षा सुरक्षित, यात वाद नाही.

पण हा बंदिस्तपणाच आता दुर्मिळ होत चालला आहे. आज ‘किड्स टॅब’ म्हणून जे विकलं जातं ते बरेचदा रबरी कोपरे लावलेलं अँड्रॉइड असतं. सुरू करायला वायफाय हवं, खातं हवं, मुलाचं नाव आणि जन्मतारीख हवी. ही माहिती पुढे कुठे जाते? २०१६मध्ये लीपफ्रॉग विकत घेणारी हाँगकाँगची व्हीटेक कंपनी घ्या. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१५मध्ये, तिच्या सर्व्हरमधून जवळपास ५० लाख पालकांची खाती आणि ६० लाखांहून अधिक मुलांची नावं, जन्मतारखा, लिंग अशी माहिती बाहेर पडली. जानेवारी २०१८मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत कंपनीने साडेसहा लाख डॉलर भरले. भागाकार करून पाहा, एका मुलामागे किती सेंट पडतात ते. आपल्याकडेही २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे. पण ‘मी सहमत आहे’वर बोट ठेवून पुढे जायची आपली सवय कायद्याने सुटत नाही. तेव्हा ‘मोबाइलपेक्षा बरं’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा, की तुम्ही घेताय ते मोबाइलपेक्षा वेगळं आहे का? जन्मतारीख विचारणारं खेळणं मी घरात येऊ देणार नाही.

आता मुख्य मुद्दा. यंत्र बंदिस्त आहे, निरुपद्रवी आहे असं धरून चालू. ते शिकवतं का?

शिकवणारं यंत्र ही काही परवाची कल्पना नाही. १९७६मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ‘लिटल प्रोफेसर’ बाजारात आणला. चष्मेवाल्या, मिशाळ प्रोफेसरचं चित्र असलेला हा कॅल्क्युलेटर उलटा होता. गणित तो घालायचा, उत्तर मुलाने द्यायचं. चुकलं की पडद्यावर नुसते तीन ‘ई’ उमटत, आणि तीनदा चुकलं की बरोबर उत्तर दिसे. ना गाणं, ना टाळ्या. दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ आणला. माणसाच्या आवाजाची नक्कल करणारं अख्खं सर्किट एका चिपवर बसवण्याची ती करामत होती, आणि चार इंजिनिअरांच्या चमूने ती केली होती. किंमत पन्नास डॉलर. स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’मध्ये घरी फोन लावायला जे खेळणं वापरतात ते हेच. ते यांत्रिक आवाजात एक शब्द उच्चारी आणि मुलाने एकेक अक्षर दाबून त्याचं स्पेलिंग लिहायचं. समोर पर्याय नसत. जे काही यायचं ते मुलाच्या डोक्यातून यायचं.

आजचं कुठलंही यंत्र हातात घ्या. ‘हत्ती कुठे आहे? हत्तीला हात लाव!’ आणि समोर चार चित्रं. मूल हत्ती ओळखतं किंवा ओळखत नाही, दोन्ही वेळा त्याला तेच करायचं असतं, म्हणजे टोचायचं. पहिल्या फटक्यात बरोबर येण्याची शक्यता चारात एक. चुकल्यावर यंत्र म्हणतं, ‘पुन्हा प्रयत्न कर!’ मूल पुढच्या चित्राला टोचतं. चौथ्या टोचणीपर्यंत शंभर टक्के मुलं शंभर टक्के बरोबर असतात. मग टाळ्या, तारे, नाचणारं अस्वल. पोराला यातून एक गोष्ट पक्की कळते आणि ती हत्तीविषयी नसते. सगळीकडे टोचत राहिलं की अस्वल नाचतं, हे त्याला कळतं.

हे तपासायला बालमानसशास्त्राची पदवी नको. दुकानात यंत्र सुरू करायला लावा, डोळे मिटा आणि एक मिनिट वाटेल तशी बटणं दाबा. जर यंत्राने तुम्हाला ‘शाब्बास’ म्हटलं, तर ते तुमच्या मुलालाही असंच शाब्बास म्हणणार आहे. ही चाचणी पार करणारी यंत्रं हल्ली विरळा.

इथे समोरून उत्तर येतं की यंत्र लगेच सांगतं बरोबर की चूक, आणि तेवढा धीर पालकाकडे नसतो. मुद्दा चांगला आहे, पण यंत्राचा शोध नाही. मारिया मॉन्टेसरी १९३९ ते १९४६ या काळात भारतात होत्या, पण त्यांची ती लाकडी दट्ट्यांची पेटी त्याच्याही कितीतरी आधीची. वेगवेगळ्या जाडीचे दट्टे आणि त्यांच्या मापाची भोकं. चुकीचा दट्ट्या चुकीच्या भोकात सैल बसला की शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि तो कुठेच जात नाही. चूक झाली हे लाकूड सांगतं, बोलून दाखवत नाही. कुठे चुकलं हे मात्र मुलालाच शोधावं लागतं, मागे जाऊन, एकेक दट्ट्या काढून. शिकणं घडतं ते या मागे जाण्यात. यंत्र नेमकी तीच पायरी गाळतं. ते सांगतं ‘चूक’ आणि लगेच पुन्हा टोचायला लावतं, कारण मुलाने दहा सेकंद काही दाबलं नाही तर त्याचं लक्ष उडेल अशी निर्मात्याला धास्ती. मूल विचार करत असेल, ही शक्यता त्याने धरलेलीच नसते. दहा सेकंद गप्प बसलेल्या मुलाला ‘अजून खेळतोयस ना?’ म्हणून हटकणारं यंत्र पाहिलं की मला त्याच्या निर्मात्याला एखाद्या बालवाडीत आठवडाभर बसवावंसं वाटतं.

आणि त्या टाळ्या! लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग शिक्षणशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो, खेळणी बनवणाऱ्यांना नसावा. तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छानसं प्रशस्तिपत्रक मिळेल. नंतर मोकळ्या वेळात, बक्षिसाचा विषय नसताना, हीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्या गोष्टीसाठी लाच लागते ती गोष्ट करण्याजोगी नसणार, एवढा हिशोब चार वर्षांच्या मुलालाही येतो. मोजण्यासारखी मजेची गोष्ट दुसरी नाही, शेंगा असोत की जिन्याच्या पायऱ्या. तिच्यावर प्रत्येक वेळी तारा चिकटवून आपण मुलाला काय सांगतो आहोत?

‘पण संशोधन आहे की!’ हे यापुढचं वाक्य. संशोधन आहेच. अमेरिकेतल्या बालरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात २०१६मध्ये आलेला एक अभ्यास पाहा. दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक, अशा २६ जोड्या. घरी खेळताना त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. एकदा बाळांचा लॅपटॉप, बोलणारं फार्म आणि खेळण्यातला मोबाइल, एकदा लाकडी कोडं, आकार जुळवायची पेटी आणि रबरी ठोकळे, एकदा पुस्तकं. विषय तेच, प्राणी, रंग, आकार. इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना आईवडील कमी बोलले, आणि बाळाने आवाज काढायचा, त्यावर मोठ्याने काही म्हणायचं, ही देवाणघेवाणही कमी झाली. खेळणं बोलतंय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. जोड्या थोड्या होत्या, बाळं फार लहान होती, आणि त्यावरून पाच वर्षांच्या मुलाविषयी निर्णय देता येत नाही, हे खरं. पण २०१३चा एक अभ्यास तीन आणि पाच वर्षांच्या मुलांचा आहे. बटणं दाबली की बोलणाऱ्या पुस्तकांवर आईबाबांचं बोलणं ‘ते नको दाबू, पान उलट, नीट धर’ या वळणाचं झालं. गोष्टीविषयीचं, ‘आपण मागे असंच पाहिलं होतं ना’ या वळणाचं बोलणं आटलं. आणि तीन वर्षांच्या मुलांना साध्या पुस्तकातली गोष्ट जेवढी कळली तेवढी या पुस्तकातली कळली नाही.

यावरून ‘पडदा वाईट’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझं जमत नाही. २०१४चा एक प्रयोग आहे, दोन ते अडीच वर्षांच्या मुलांचा. नवी क्रियापदं शिकवायची. एका गटाला समोर बसून, एकाला व्हिडिओ कॉलवर, एकाला आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. व्हिडिओ कॉलवरची मुलं शिकली, समोर बसलेली शिकली, चित्रित व्हिडिओवाली शिकली नाहीत. कॉलही पडद्यावरच होता आणि व्हिडिओही. फरक एवढाच की कॉलवरची बाई मुलाने काही केलं की त्यावर काही म्हणत होती. म्हणूनच अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये दीड वर्षाखालच्या बाळांना पडदा नको म्हणतानाही व्हिडिओ कॉलला सूट दिली. न्यू जर्सीतल्या नातवाला साताऱ्याची आजी फोनवर ‘तुझ्या मागे ते काय लटकतंय रे?’ असं विचारते तेव्हा त्या दोघांमध्ये घडतं ते दुकानातल्या एकाही खोक्यात मिळत नाही. त्याच आजीने कौतुकाने पाठवलेल्या यंत्रातही नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. दोन वर्षांखाली पडदा नाही, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास. याचा आपल्याकडे मजेशीर अर्थ लावला जातो. ‘डॉक्टर म्हणतात एक तास चालतो, मग तो तास अभ्यासाचा करू.’ गाडीची वेगमर्यादा ऐंशी आहे म्हणून कुणी गल्लीतून ऐंशीने जात नाही. तासाची मर्यादा हा तासाचा डोस नव्हे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो करणारे बहुतेकदा खोके विकणारे नसतात, थकलेले आईबाप असतात. ‘तुम्ही म्हणता बोला, गोष्टी सांगा. सकाळी साडेसातची लोकल, संध्याकाळी आठला घरी. कणीक मळायची की संवाद साधायचा?’ या आक्षेपाला उपदेशाने उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. मुलाशी अखंड बोलणारी, मातीची भांडी करून देणारी, दर रविवारी टेकडीवर नेणारी आई लेखांतच राहते. लहान मुलाच्या घरात मोठ्या माणसाला वीस मिनिटं शांततेची गरज असते आणि त्या गरजेत अपराध काहीही नाही.

पण मग ती वीस मिनिटं विरंगुळा म्हणून घ्या. शिक्षण म्हणून नको. फरक नावाचा वाटेल, पण घरातला सगळा हिशोब त्यावर फिरतो. विरंगुळा म्हटला की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की तो संपतो. शिक्षण म्हटलं की वीस मिनिटांचा तास होतो, कारण शिक्षण जास्त झालं असं आपण कधी म्हणत नाही. शिक्षण म्हटलं की झोपताना गोष्ट सांगितली नाही तरी चुटपुट लागत नाही, ‘आज लर्निंग झालंय की त्याचं.’ शिक्षण म्हटलं की यंत्र एक इयत्ता पुढचं आणलं जातं, साडेतीन वर्षांच्या पोरासाठी सहा वर्षांचं, आणि मग ते पोर मुळीच न कळणाऱ्या बेरजांना टोचत बसतं. मोकळेपणाने करमणुकीचं खेळणं आणणारे आईबाप मला या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतात. साधा चेंडू भोकात घालायचा खेळ बिनआवाजाचा असेल, आपोआप संपत असेल आणि ‘पुन्हा खेळ’ म्हणून गयावया करत नसेल, तर तो कुठल्याही ‘ब्रेन बूस्टर’पेक्षा मी आधी उचलीन.

हा शिक्षणाचा शिक्का किती पोकळ असू शकतो याचं एक उदाहरण मोठ्या नावाचं आहे. ‘बेबी आइनस्टाइन’ नावाच्या व्हिडिओंवर एका पिढीच्या अमेरिकी आईबापांनी पैसे घातले. वादावादी झाल्यावर २००९मध्ये डिस्नेने ज्यांना हवे त्यांना त्या डीव्हीडींचे पैसे परत देऊ केले. पैसे परत मिळाले. त्या बाळांपैकी कुणी आइनस्टाइन झाल्याचं ऐकिवात नाही.

‘साधनाशिवाय हल्ली शिक्षण होत नाही’ हेही एक ऐकवलं जातं, बहुधा इंग्रजी शाळेची फी भरणाऱ्यांकडून. महाराष्ट्रात तरी हे वाक्य जपून उच्चारावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. विकतची साधनं खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तू साधन म्हणून वापरल्या. गाई चारायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. आज अंगणवाडीचा इतिहास सांगायचा तर तिथून सुरुवात करावी लागते.

मराठी घराची म्हणून एक वेगळी तक्रार आहे आणि ती मी खालच्या आवाजात करणार नाही. बाजारात जी बोलणारी पाटी मिळते ती इंग्रजी असते, फार तर इंग्रजी आणि हिंदी. हिंदी वर्णमालेवर बेतलेल्या पाटीवर ‘ळ’ नसतो. बाळ, फळ, शाळा, खेळ, गोळी, डोळा, चार वर्षांच्या मराठी मुलाच्या तोंडचे निम्मे शब्द ज्या अक्षरावाचून अडतात ते अक्षरच गायब. ‘मराठी’ असा शिक्का असलेल्या यंत्रांतही बरेचदा मूळ आवाज हिंदीचा असतो. मग ‘चमचा’मधला च ‘चहा’तल्या चसारखा येतो, ‘जाड’मधला ज ‘जीभ’मधल्या जसारखा. आपल्याकडे या अक्षरांना दोन-दोन उच्चार आहेत आणि कुठला कुठे हे मूल नियमाने शिकत नाही, कानाने शिकतं. ज्या वयात कान तयार होतो त्याच वयात रोज वीस मिनिटं चुकीचा कान तयार करायला पैसे मोजायचे? दुकानात यंत्राकडून ‘चमचा’ म्हणवून घ्या आणि ‘ळ’ शोधा. दोन्ही नसेल तर ते मराठी शिकवणारं यंत्र नाही, त्यावर झेंडा कुठलाही छापलेला असो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२१पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १५६४४. जत्रेतल्या आणि फुटपाथवरच्या खोक्यांवर ते चिन्ह शोधून पाहा. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना अभ्यासक्रमाविषयी नसते, सुटे भाग घशात अडकण्याविषयी असते. ‘आमचा अडीच वर्षांचा आहे, पण हुशार आहे’ हे तिला उत्तर नव्हे. आणि नाण्याएवढी चपटी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद होतं की नखाने उघडतं, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ती बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते.

तरी विकत घ्यायचंच असेल, मामाला नाही म्हणता येत नसेल, तर काय घ्यावं? सध्या कार्डं आत सरकवली की शब्द बोलणारा एक छोटा डबा घरोघर दिसतो. त्यातला डबा मला निरुपयोगी वाटतो, पण कार्डं उत्तम असतात. डबा माळ्यावर टाका आणि कार्डं पोराच्या हाती द्या. त्यांचं दुकान मांडता येतं, घरात राहणारे आणि जंगलात राहणारे वेगळे करता येतात, एक लपवून ‘कोण गेलं?’ खेळता येतं. एका बटणाने पुसली जाणारी एलसीडी पाटी दोन-तीनशे रुपयांत मिळते. ती काहीच शिकवत नाही, म्हणून मला आवडते. चित्र काय काढायचं ते ती सांगत नाही आणि काढलेल्या रेघोट्यांना शाब्बास म्हणत नाही. (तिच्यातही ती चपटी बॅटरीच असते, मागचा स्क्रू बघाच.) पाच-सहा वर्षांच्या मुलाला साधा कॅल्क्युलेटर द्या, किराणा दुकानातला. दोन, अधिक, आणि मग ‘बरोबर’चं चिन्ह पुन्हा पुन्हा दाबलं की काही कॅल्क्युलेटर दोन, चार, सहा, आठ असे चालत राहतात. कुणी न शिकवता मूल बेचा पाढा शोधून काढतं आणि मग सत्त्याण्णवाचा पाढा कुठवर जातो ते पाहायला बसतं. सीमोर पेपर्ट यांनी १९८०मध्ये लिहिलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात प्रश्न विचारला होता तो हाच, की यंत्र मुलाला चालवतंय की मूल यंत्राला. कॅल्क्युलेटर पोराला काहीच विचारत नाही. प्रश्न पोराने विचारायचे असतात.

पडदा नसलेलं गोष्टी ऐकवणारं यंत्र असेल तर मी हरकत घेणार नाही, गोष्टी मराठी आणि माणसाने वाचलेल्या असतील तर. ऐकताना हात मोकळे राहतात, पोर ठोकळे रचता रचता ऐकतं आणि मध्येच स्वयंपाकघरात येऊन विचारतं, ‘आई, रांजण म्हणजे काय?’ निदान तेवढा एक प्रश्न तरी तुमच्यापर्यंत पोहोचतो.

अमेरिकेतून आलेल्या जुन्या यंत्रांविषयीही सांगायला हवं, कारण चुलत भावंडांची वापरून झालेली लीपस्टरं आणि लीपफ्रॉगचीच लीपपॅडं बॅगेतून पुण्या-ठाण्यात येत असतात. कार्ट्रिज मिळेल तेवढंच, बिघडलं तर दुरुस्ती नाही, आणि लीपपॅडच्या टॅबलेटांना खात्याशी जोडल्याशिवाय नवं काही घालता येत नाही. फुकट आलं म्हणून घ्यायला हरकत नाही. पण ते ‘तिकडचं’ आहे म्हणून त्याला मास्तर करू नका.

आणि दुकानदाराने खोकं उघडून दाखवायला नकार दिला, किंवा ‘ट्राय मी’ लिहिलेलं एकच बटण दाबून एकच गाणं ऐकवलं, तर डोळे मिटून बटणं दाबायची ती चाचणी तुम्हाला करता येणार नाही. अशा वेळी ‘मोबाइलपेक्षा बरं ना, ताई!’ ऐकू येईलच. त्याला म्हणा, बॅटरी घाल आणि दोन मिनिटं दे. तयार झाला नाही तर पुढच्या दुकानात कॅल्क्युलेटर मिळतो.